तेच पत्रे

भूकंपात घर पडलं आणि मस्कतला कामाला गेलेल्या अब्बांचा पैसा महिनोन्महिने पोचेना, तेव्हा अम्मीनं कहकशांला पत्र्याच्या शेडात वाढवलं. परदेशातल्या कामगारांचे पैसे झटक्यात घरी पोचवणारी कहकशांची कंपनी आता आखातभर पसरली होती. तरी लातूरच्या ऑफिसच्या गच्चीवर तेच पत्रे होते आणि मोठ्या बैठका त्यांच्याखालीच व्हायच्या. अशाच एका बैठकीत घाम पुसत मुंबईचा गुंतवणूकदार म्हणाला, “ऑफिस बेंगळुरूला हलवा, मगच पैसे लावतो. भूकंपाच्या मुलखात, कोचिंग क्लासच्या गल्लीत कंपनी मोठी होत नसते.” “झाली की,” कहकशां म्हणाली. “अन् आमी इथून हलणार न्हाई.” एवढ्यात वावटळ उठली आणि पत्रे थडाथडा वाजले. “भूकंप!” ओरडत साहेब जिन्याकडं पळाले. ऑफिसातल्या पोरी चहा पीत राहिल्या. कहकशांनं उलथलेली खुर्ची सरळ केली. “बसा साहेब. इथं पडायचं होतं, ते कवाच पडून गेलं.”