शेवटच्या प्रकरणातला पाटील

"पुस्तक झकास हाय, बाई. पण शेवटचं प्रकरण तेवढं फाडून टाका."

हंबीररावांनी कादंबरी टीपॉयवर आपटली आणि कुणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसले. गावाहून एसटीनं येऊन, राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालून त्यांनी शलोमीबाईंचा फ्लॅट शोधून काढला होता. वय त्र्याहत्तर, त्यात तीन मजल्यांचा जिना. त्यामुळे रागापेक्षा धापच जास्त ऐकू येत होती.

शलोमीबाई निवृत्त शिक्षिका. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या आपल्या आजोबांवर, सयाजींवर, त्यांनी ही कादंबरी लिहिली होती. तीही खऱ्या नावांसकट. पाण्याचा तांब्या पुढे करत त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"दौलू पाटलाचा नातू."

बाईंनी तांब्या टीपॉयवर ठेवला. दौलू पाटील म्हणजे सयाजीचा थोरला भाऊ, आणि कादंबरीतला खलनायक.

खरं सांगायचं तर हंबीररावांनी कादंबरी दोनदा वाचली होती. मिशनच्या शाळेत मास्तर झालेला सयाजी गावात आला की लोक त्याला पाणी वरून ओतायचे. तरी पठ्ठ्या दर दसऱ्याला थोरल्या भावाला सोनं द्यायला यायचाच. ते वाचताना हंबीररावांचे डोळे भरून आले होते. आपल्या घरात असा एक माणूस होऊन गेला आणि आपल्याला कुणी त्याचं नावसुद्धा सांगितलं नाही, याची त्यांना हळहळ वाटली होती.

मग शेवटचं प्रकरण आलं. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ चालू असते. दसऱ्याला आलेला सयाजी तापानं फणफणतो आणि भावाच्या घरातच मरतो. बाटलेल्याला आमच्या शिवारात माती द्यायची नाही, असं गाव बजावतं. दौलू पाटील मान डोलावतो, प्रेत गाडीत घालतो आणि कुठंतरी टाकून येतो. तीन दिवसांनी सयाजीची बायको दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन दारात उभी राहते, तेव्हा 'बुधवारी गेला' एवढंच सांगून दार लावून घेतो.

हे वाचल्यापासून हंबीररावांना अन्न गोड लागत नव्हतं. सख्ख्या भावाचं प्रेत टाकून देणाऱ्याचं रक्त आपल्या अंगात? सुनेनंही कादंबरी वाचली होती. परवाच्या सणाला तिनं घरातल्या सगळ्या फोटोंना हार घातले, दौलू पाटलाचा तेवढा सोडून. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

"आमचा आज्जा असला न्हवता, बाई."

"मग माझ्या आजोबांना पुरलं कुठं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "ती कडेवरची पोर म्हणजे माझी आई. शेवटच्या दिवसापर्यंत विचारत होती, माझ्या बाबांना कुठं ठेवलंय गं? एक फूल वाहायला जागा नाही आम्हाला. तुम्ही जागा सांगा, मी प्रकरण बदलते."

जागा हंबीररावांनाही ठाऊक नव्हती. मग उगाच आपली बाजू लावून धरायची म्हणून ते बोलत सुटले.

"पुरावा कुठला आणू? पण देवभोळा माणूस हुता वो त्यो. त्याच साथीत गाव वाचावं म्हणून त्यानं आमच्या रानात म्हसोबा बसवला. मरस्तवर सांगत हुता, म्हसोबावरनं नांगर घालायचा न्हाय. आता ट्रॅक्टर बी वळसा घालून जातोय. दर साली सोताच्या हातानं दूधभात ठेवायचा."

"दूधभात? म्हसोबाला कोंबडं लागतं ना?"

"आमच्याला चालत न्हाय. आज्ज्याचा नियम! आन् बाकी सगळ्या देवांचं तिथीवर, ह्याचं एकट्याचं तारखेवर. सोळा आक्टोबर. पाटलाकडं जल्म-मरणाचं दफ्तर असायचं की, तारखा तोंडपाठ हुत्या त्याला."

बाई उठल्या. आतून एक जुनं बायबल घेऊन आल्या. पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या माणसांचे जन्म आणि मृत्यू शाईनं लिहिलेले होते. त्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. हंबीररावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. सयाजी. मृत्यू १६ ऑक्टोबर १९१८. कादंबरीत बाईंनी नुसतं 'दसरा झाल्यावर' एवढंच लिहिलं होतं.

"म्हसोबाला जागा किती सोडलीय तिथं?" बाईंनी विचारलं.

हंबीररावांनी दाखवायला दोन्ही हात पसरले, पण ते पुरेनात. ते उठले आणि फरशीवर पावलं टाकत मोजायला लागले. एक, दोन, आणि वर अर्धं. एवढ्या जागेत ऊस लावता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच किती वेळा कुरकुर केली होती. शेंदराच्या धोंड्याला हातभर जागा पुरली असती. ही तर एक माणूस पाय पसरून निजेल एवढी होती.

बाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. हंबीररावांनाही हुंदका आवरेना.

"दार लावलं असंल त्यानं, आक्का," ते म्हणाले. बाईंना त्यांनी पहिल्यांदाच आक्का म्हटलं होतं. "भावकीला भ्याला असंल. ते तसंच ऱ्हाऊ द्या पुस्तकात, खोडू नका. पण म्होरं एवढं लिवा, भावावरनं कधी कुणाचा नांगर फिरू नये म्हणून माझ्या आज्ज्यानं त्येला देव केला."