पारोसा कुत्रा

टँकर कुणाकडे पाठवायचा, हे आता तक्रारी वाचून पाणीखात्यातला कॉम्प्युटर ठरवायचा. घाटकोपरच्या चाळीतून घरटी तक्रार गेली, 'प्यायला पाणी नाही.' टँकर काही येईना. कॉम्प्युटर न्यायाने वागतो की नाही हे बघायला नेमलेल्या साहेबांना चाळीतल्या सोनूबाईंनी वैतागून गाठलं.

"बाई, सगळ्यांनी तेच रडगाणं लिहिलंत. कॉम्प्युटर त्या सगळ्या मिळून एकच तक्रार धरतो. समोरच्या टॉवरवाल्यांचं बघा, कुणाची गाडी धुवायची राहिलीय, कुणाचा कुत्रा पारोसा. प्रत्येकाची तक्रार नवी, म्हणून टँकर तिकडे."

"आणि ह्याला न्याय म्हणायचं?"

"म्हणजे काय! सगळ्यांना नियम एकच."

घरात मांजरही नसताना सोनूबाईंनी फोनवर नवी तक्रार ठोकली, 'कुत्रा आठवडाभर पारोसा आहे.'

सकाळी टँकर आला. मागोमाग साहेब स्वतः आले, कुत्र्याची विचारपूस करायला.