गिअरमध्ये ठेवलेली गाडी

धाकट्या साडूने नव्या विजेच्या गाडीची किल्ली थोरल्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "दादा, एक चक्कर मारून आणा. तुम्ही शिकवलंत म्हणून इथवर आलो."

दुसरं वाक्य बोलला नसता तरी चाललं असतं. थोरल्याला तेच झोंबलं. ज्या पोराला त्याने क्लच दाबायला शिकवला, ते पोर आज विजेच्या गाड्यांच्या कंपनीत ड्रायव्हर लोकांवर मुकादमी करत होतं. आणि थोरल्याची डिझेलची व्हॅन सोमवारपासून शहरात फिरकूही शकणार नव्हती. धुराच्या गाड्या बंद, असा सरळ हुकूम. कंपनीत एक जागा होती, धाकट्याने शब्द टाकला होता. नुसती गाडी चालवून दाखवायची आणि सोमवारपासून कामावर यायचं. थोरल्याच्या बायकोने तर नोकरी लागल्याचं सगळ्या इमारतीत सांगूनही टाकलं होतं.

बायको आपणहून पुढे येऊन बसली. मागे धाकटा आणि मेहुणी. गाडी निघाली. निघाली कसली, सरकली. ना धडधड, ना पायाखाली थरथर. थोरल्याने जन्मभर गाडी कानाने चालवली होती. गिअर कधी बदलायचा ते त्याला इंजिन सांगायचं. इथे सगळं मुकं. तो खोड शोधत होता आणि खोड सापडत नव्हती, याचाच त्याला जास्त राग येत होता. खेळणं आहे, म्हणाला. चढावर जीव सोडेल, म्हणाला. चढ आला, गाडी हूं की चूं न करता वर गेली.

"भावजी, अजून एखादा चढ शोधू या का?" मेहुणी मागून म्हणाली. सगळे हसले. बायको सगळ्यांत मोठ्याने हसली.

आणि तो रुमाल. व्हॅनमध्ये बसली की बायको नाकाला रुमाल लावायची, लग्न झाल्यापासून. त्याला वाटायचं, हिचं नाकच नाजूक. आज ती काच खाली करून ऐसपैस बसली होती आणि रुमाल पर्समध्ये होता. परत येईपर्यंत थोरला रस्त्यापेक्षा त्या पर्सकडेच जास्त बघत होता.

आवारात त्याची व्हॅन उभी होती. तिच्या मागे, अगदी दोन हातांवर, त्याने नवी गाडी अलगद आणून थांबवली. हात कसा आहे ते दिसू दे म्हणून. बाकीचे उतरले. तो क्षणभर बसून राहिला. आवाज नव्हता. आवाज नाही म्हणजे गाडी बंद. व्हॅनचा हँडब्रेक कधीचाच गेलेला, त्यामुळे गाडी गिअरमध्ये अडकवून उतरायचं, ही त्याची हाडात मुरलेली सवय. गिअरमधली बंद गाडी जागची हलत नाही. हीसुद्धा त्याने तशीच गिअरमध्ये ठेवली, किल्ली खिशात टाकली (ही किल्ली फिरवायची नसतेच, नुसती जवळ लागते), ब्रेकवरचा पाय काढला आणि दार उघडलं.

गाडी चालायला लागली. त्याचा एक पाय बाहेर, एक आत. आतला पाय घाबरून नको तिथे पडला. व्हॅनचं मागचं दार चेपलं, नव्या गाडीचं नाक तडकलं. धाकट्याने धावत येऊन आत हात घातला आणि कसलंसं बटण दाबलं, तेव्हा ती थांबली.

"मुद्दाम केलंत ना?" बायको म्हणाली. "सकाळपासून तोंड वाकडं आहे तुमचं. माझ्या बहिणीचं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

"नाही हो ताई, दादा असं कशाला करतील?" धाकटा म्हणाला. तो तडकलेल्या भागाकडे बघतही नव्हता. "गाडी चालू आहे हेच कळलं नसेल त्यांना. आवाज नसतो ना. नवीन माणसाचं होतं असं. चार दिवस शिकवतो मी त्यांना."

नवीन माणूस. शिकवतो मी.

थोरल्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नोकरी राहिली असती, बायको गप्प झाली असती. आणि खरंही तेच होतं. पण गाडी चालू आहे की बंद हे ज्याला कळत नाही, तो कसला ड्रायव्हर? आणि हे चारचौघांत सांगणार कोण, तर हा. तेही समजूतदारपणे. शिव्या घातल्या असत्या तर थोरल्याने एक वेळ ऐकून घेतल्या असत्या.

"सगळं कळत होतं मला," तो म्हणाला. "मुद्दामच सोडली."

मेहुणीने तोंडावर हात ठेवला. धाकट्याने हात पुढे केला.

"किल्ली द्या, दादा."

थोरल्याने खिशातून किल्ली काढून दिली. सोमवारचं कुणीच काही बोललं नाही.

तो व्हॅनमध्ये जाऊन बसला. जायचं कुठेच नव्हतं. त्याने व्हॅन सुरू केली. ती खोकली, अडली आणि मग अशी धडधडली की आवार हादरलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी आपटून लावली. त्याने पाय आणखी दाबला. चालू आहे की बंद, हे आता कुणाला विचारावं लागणार नव्हतं.

बाजूच्या आरशात, धुराच्या पलीकडे, बायको दिसली. तिने पर्स उघडून रुमाल काढला.