भाडेकरूची दाढ

"आऽ करा, बुवा," दातांचे डॉक्टर म्हणाले.

बुवांनी आ केला आणि लगेच मिटला. ट्रेमध्ये पक्कड होती, आरसा होता, कापूस होता. भुलीचं इंजेक्शन कुठे दिसत नव्हतं.

"डॉक्टर, ते टोचायचं राहिलं का?" त्यांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

डॉक्टर हसले. "परीक्षा बघताय होय माझी? तुमचं एकही प्रवचन चुकवत नाही मी. भाडेकरूची गोष्ट तोंडपाठ आहे. भूल बाकीच्यांना, तुम्हाला कशाला?"

भाडेकरूची गोष्ट म्हणजे बुवांची हुकमी गोष्ट. एका भाडेकरूच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. तो ऊर बडवून रडू लागला. तेवढ्यात दारात साधू आला आणि म्हणाला, "वेड्या, छप्पर मालकाचं. गळतंय तेही त्याचंच. तुझं काय जातंय?" इथे बुवा थांबायचे आणि सांगायचे, देह ही भाड्याची खोली आहे, दुखतं ते खोलीला, आपल्याला नव्हे. लोक माना डोलवायचे. बुवांचं सगळं नाव या एका गोष्टीवर उभं होतं.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर त्यांचेच श्रोते गाल धरून बसले होते.

"बुवा भूल न घेता काढून घेतायत," एकजण कुजबुजला.

"मग मलाही नको," दुसरा म्हणाला.

बुवांनी ते ऐकलं. इंजेक्शन मागावं तर इतक्या वर्षांची अब्रू जाते, न मागावं तर जीव जातो. दाढ ठणकत होती. आपण कुणाच्या मालकीच्या आहोत याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. शेवटी बुवांनी डोळे मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि आ केला.

पक्कड दाढेला नुसती लागली. बुवांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांनी प्रवचनात कधी काढला नव्हता. बाकावरचा दुसरा उठून घरी गेला.

"खोली ओरडली," डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "बुवा शांत आहेत."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बुवांची बायको त्यांचा चष्मा सांभाळत बसली होती. दाढ दुखायला लागल्यापासून ती धड झोपली नव्हती. मिठाचं कोमट पाणी कर, लवंग शोध, गाल शेक, आणि वर त्यांचं कण्हणं ऐक. ती उठली आणि तिनं डॉक्टरांचं मनगट पकडलं.

"आधी सुई टोचा."

"पण काकू, गोष्टीतला साधू म्हणतो..."

"साधूचं काय, तो सांगून निघून जातो. गळक्या छपराखाली रात्रभर बादल्या मी लावतेय."

डॉक्टरांनी बुवांकडे पाहिलं. बुवांचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे बोलता येईना. त्यांनी बायकोकडे बघत जोरजोरात होकारार्थी मान हलवली. त्यांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी मात्र मालकाचं नव्हतं.

संध्याकाळी बुवा सुजलेला गाल घेऊन प्रवचनाला बसले. तोंड अजून अर्धं बधिर होतं आणि शब्द घरंगळत होते. डॉक्टर पहिल्याच रांगेत होते. गोष्ट नेहमीसारखी सुरू झाली. छप्पर गळलं, भाडेकरू रडला, साधू दारात आला. पण त्या दिवशी भाडेकरूला पहिल्यांदाच बायको होती, आणि साधूनं तोंड उघडायच्या आत तिनं त्याच्या हातात बादली दिली.