डावा हात

हेडफोन कानाला लावून अप्पा डोळे मिटून बसले. चाळीस वर्षं तबला शिकवणारे माझे वडील डेथ मेटल संगीताला आजवर "पत्र्यावरच्या गारा" म्हणत आले होते. आज आमच्या बँडचा पहिला अल्बम हातात आला, म्हणून मीच हट्ट धरला. दोन वर्षं घासून मी ते ड्रम्स बसवले होते. शेवटच्या गाण्यात सतरा मात्रांवर त्यांचीच तिहाई घातली होती.

त्यांची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. तिहाई बरोबर समेवर आली आणि त्यांनी मान डोलावली. मला भरून आलं.

मग हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "कोण वाजवतंय?"

"मीच की, अप्पा."

"नाही रे. द्रुत लयीत तुझा डावा हात केसभर मागे राहतो. त्यासाठी लहानपणी किती बोलणी खाल्लीस! इथे एकदाही राहिला नाही."

बाहेर येऊन शार्दूलला फोन लावला. बँडमध्ये गिटार तो वाजवतो. अल्बमचं मिक्सिंगही त्यानेच केलं होतं.

"तुझे ड्रम्स जरा हलत होते यार," तो म्हणाला. "मग ते काढून सगळे कॉम्प्युटरकडूनच वाजवून घेतले. कुणाला कळणारे? कव्हरवर नाव तुझंच आहे ना?"

आत आलो, तर अप्पा पुन्हा हेडफोन लावून बसले होते. कानात गाणं असल्यामुळे ते मोठ्यानेच म्हणाले, "कुणाचा का असेना, हात फार स्वच्छ आहे. चाळीस वर्षांत असा शिष्य मला मिळाला नाही."