मुठीवरचं कुंकू
"वहिनी, मूठ लाकडीच ठेवू की रबरी बसवू?" जळगावच्या बंदूकवाल्यानं विचारलं. चारुलता काचेच्या काउंटरवरच्या नवऱ्याच्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होती. निवडणुकीमुळे ते पोलीस ठाण्यात जमा होतं, त्याच आठवड्यात जामनेर रस्त्यावर लुटारूंनी तिच्या नवऱ्याला मारलं. आता परवाना तिच्या नावावर झाला होता. "लाकूड दिसायला झकास, पण घामेजल्या हातातून निसटतं. रबर घट्ट बसतं, गोळी सुटताना झटकाही कमी." त्यानं जुनी मूठ काढून काचेवर ठेवली, शेजारी नवी रबरी. जुन्या लाकडाच्या खाचांमध्ये लाल काहीतरी मुरलं होतं. "हे काय?" "कुंकू आहे, भाऊ. दर दसऱ्याला पूजेत मीच लावायचे. एरवी रिव्हॉल्व्हर यांच्या कमरेलाच असायचं. गोळी कधी उडालीच नाही." तिनं रबरी मूठ हातात धरून दाबली. "हिच्यावर कुंकू टिकतं का?" "नाही हो, फडक्यानं पुसलं की जातं." "मग हीच बसवा."