खर्च जाऊन उरलेले

मुलांनो, कल्पना करा, लोणच्याच्या कारखान्यात विक्रेत्यांची महिन्याची सभा भरली आहे. जिलेबीभोवती घोळका जमला आहे आणि विजयामावशी तेवढ्या कोपऱ्यात एकट्या बसल्या आहेत. मालकांची सातवीतली शाल्मली फळ्यावर विक्रीचे आकडे लिहिते आहे, कारण तिचं अक्षर सुरेख. हेमंत, एक लाख. विजयामावशी, साठ हजार.

मावशी सलग तिसऱ्यांदा तळाला होत्या. "मावशी, पुढच्या महिन्यापासून घरी विश्रांती घ्या," मालक म्हणाले. मावशींनी मान डोलावली. पण त्यांच्या घरी वाट पाहणारं कुणीच नव्हतं.

"बाबा, पण उरले किती?" शाल्मलीने विचारलं.

"कशातून?"

"खर्च जाऊन!" टेबलावरच्या पावत्या पाहत तिने नवा रकाना आखला. हेमंतच्या लाखातून साठ हजार माल बनवण्यात गेले, वीस हजार दुकानदारांच्या सवलतीत, दहा हजार गाडी-लॉजमध्ये. उरले दहा. मावशींच्या साठातून माल छत्तीस, एसटी चार. सवलत त्या कुणाला देतच नसत. उरले वीस.

"अरे, हे तर दुप्पट!" मालक खजील झाले. "मावशी, तुम्ही याच हो."

"हेमंतशेठ, जिलेबी परत ठेवा!" घोळक्यातून कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा उठला. मावशींकडे मात्र कुणी गेलं नाही. त्यांनी सवयीने भिंतीकडे तोंड करून डबा उघडला.

शाल्मलीने खडू ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. "मावशी, मला अर्धी पोळी द्याल?"